दुसऱ्याच्या जागी उभा राहिलेला डॉक्टर

आवडत्या मालिकेतला मुख्य नट मधेच बदलला, की प्रेक्षक रुसतो. काल ज्या चेहऱ्यावर जीव लावला, त्याच्या जागी आज भलताच चेहरा पाहणे त्याला फसवणुकीसारखे वाटते. ५ नोव्हेंबर १९६६ च्या शनिवारी संध्याकाळी ब्रिटनमधल्या लाखो घरांत नेमके हेच घडले. बीबीसीवरच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेचा पांढऱ्या केसांचा, करारी वृद्ध नायक आदल्या शनिवारी आपल्या यानात कोसळला होता आणि पाहता पाहता त्याचा चेहरा दुसऱ्याच माणसाचा झाला होता. आता तो दुसरा माणूस उठून बसला. बुटका, विस्कटलेल्या केसांचा, ढगळ काळा कोट आणि चौकटीची विजार घातलेला, खिशातून बासरी काढून वाजवणारा. हाच डॉक्टर, असे प्रेक्षकांना सांगण्यात येत होते. त्या माणसाचे नाव पॅट्रिक ट्राउटन.

ट्राउटनचा जन्म २५ मार्च १९२० रोजी लंडनच्या मिल हिल भागात झाला. वडील वकील. मुलाचा ओढा मात्र पहिल्यापासून नाटकाकडे. लंडनमध्ये अभिनयाचे धडे घेतल्यावर शिष्यवृत्ती मिळवून तो अमेरिकेत लाँग आयलंडच्या नाट्यशाळेत गेला. तेवढ्यात दुसरे महायुद्ध पेटले. मायदेशी परतताना त्याचे बेल्जियन जहाज ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ सुरुंगावर आदळून बुडाले आणि ट्राउटन जीवरक्षक होडीतून कसाबसा वाचला. ज्या समुद्राने त्याला गिळायला घेतले होते, त्याच समुद्रावर तो पुढे नौदलाच्या सेवेत राहिला. १९४० मध्ये भरती होऊन त्याने आधी पूर्व किनाऱ्यावरच्या मालवाहू ताफ्यांची राखण केली, नंतर वेगवान तोफनौकांवर काम केले आणि स्वतःच्या नौकेचे नेतृत्वही केले. उत्तर समुद्राच्या बोचऱ्या थंडीत हा अधिकारी डोक्यावर चहाच्या किटलीची लोकरी टोपी घालून उभा राहत असे. पुढच्या विदूषकी डॉक्टरची चाहूल तिथेच लागते.

युद्ध संपल्यावर तो पुन्हा नाटकाकडे वळला. पण रंगमंचावर आवाज चढवून बोलण्यापेक्षा कॅमेऱ्यासमोरचा संयत अभिनय त्याला अधिक मानवला. दूरचित्रवाणी हे तेव्हा नवखे, काहीसे कमी प्रतिष्ठेचे माध्यम होते. ट्राउटनने ते मनापासून स्वीकारले. १९५३ मध्ये तो बीबीसीच्या पडद्यावरचा रॉबिन हूड झाला. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 'हॅम्लेट' (१९४८) आणि 'रिचर्ड द थर्ड' (१९५५) या चित्रपटांत त्याने लहान भूमिका केल्या. 'जेसन अँड द अर्गोनॉट्स' (१९६३) मधला आंधळा फिनीअस तर आजही अनेकांना आठवतो. भूमिका कोणतीही असो, वेष आणि चेहरा असा बदलायचा की मागच्या कामाची आठवणही होऊ नये, ही त्याची रीत. नट ओळखला गेला की त्याला चाकोरीतली कामे मिळू लागतात, ही त्याची भीती होती. त्यामुळे काम भरपूर, पण प्रसिद्धी बेताची, अशी त्याची अवस्था होती.

'डॉक्टर हू' नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली होती. तिचा नायक विल्यम हार्टनेल याची प्रकृती तीन वर्षांत ढासळली आणि संवाद लक्षात ठेवणेही त्याला जड जाऊ लागले. निर्माता इनिस लॉइड याच्यापुढे दोनच वाटा होत्या: मालिका गुंडाळायची किंवा नायक बदलायचा. डॉक्टर हा मूळचा परग्रहवासीच असल्याने त्याचे शरीर नव्याने घडू शकते, अशी तोड निघाली. मात्र हार्टनेलची नक्कल करणारा दुसरा म्हातारा आणायचा नाही, हेही ठरले. एका अर्थाने हे पात्रच नवे होते.

ट्राउटन सुरुवातीला राजी नव्हता. मालिका आता फार दिवसांची सोबती नाही, असे त्याला वाटत होते. आपल्याला कोणी ओळखू नये म्हणून चेहरा रंगवून आणि डोक्याला फेटा बांधून काम करण्याची कल्पनाही पुढे आली होती. अखेर बीबीसीच्या नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमन याने विश्वात भटकणाऱ्या एका फाटक्या फिरस्त्याचे रूप सुचवले आणि तेच पक्के झाले.

पहिल्या कथेत लेखकांनी एक शहाणपण दाखवले. प्रेक्षकांची शंका त्यांनी पात्रांच्याच तोंडी घातली. डॉक्टरच्या दोन साथीदारांपैकी पॉलीचा त्याच्यावर विश्वास बसतो. खलाशी बेन मात्र त्याला तोतया समजतो. नवा डॉक्टरही सरळ उत्तर देत नाही, बासरी वाजवत राहतो. शेवटी त्याला ओळखतो तो त्याचा हाडवैरी, डालेक. मित्र साशंक असताना शत्रूने दिलेली ही ओळख प्रेक्षकांच्या गळी उतरवण्याचा याहून चांगला मार्ग नव्हता.

तरीही मतभेद झालेच. बीबीसीने प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया गोळा केल्या तेव्हा काहींना हा डॉक्टर निव्वळ विदूषक वाटला आणि हार्टनेलची सर त्याला नाही असे त्यांचे मत पडले. काहींना त्याचा मिश्कीलपणा भावला. ट्राउटनने त्यावर वाद घातला नाही. मुलाखती देणे तो शक्यतो टाळतच असे. त्याने फक्त बासरी आणि विनोद थोडा कमी केला आणि गबाळेपणाच्या आड दडलेली तल्लख बुद्धी हळूहळू दिसू दिली. पहिल्या कथेचे सहाही भाग सुमारे ७५ ते ८० लाख लोकांनी पाहिले. रुसलेला प्रेक्षक निघून मात्र गेला नव्हता. पुढच्या काही महिन्यांत त्याचा रुसवाही ओसरला.

वर्षाला चाळीस आणि त्याहून अधिक भागांचे हे काम कमालीचे थकवणारे होते. तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, ट्राउटनने ते सोडले. पुढे पाचवा डॉक्टर झालेल्या पीटर डेव्हिसनलाही त्याने तीनच वर्षे थांबण्याचा सल्ला दिला आणि त्याने तो पाळला. १९७६ च्या 'द ओमेन' मधला भेदरलेला पाद्री ही ट्राउटनची नंतरची गाजलेली भूमिका.

घरातही त्याला एक भूमिका करावी लागली. १९५५ च्या सुमारास तो पत्नी आणि मुलांपासून वेगळा झाला. मुलांशी संबंध राहिले. पण आपल्या आईला मात्र त्याने हे कधी कळू दिले नाही. १९७९ मध्ये ती वारली, तोवर सारे काही सुरळीत असल्याचा देखावा सुरू होता. पडद्यावर प्रत्येक वेळी वेगळा होणाऱ्या या माणसाने आईपुढे जवळपास पाव शतक जुनाच चेहरा धरून ठेवला. त्यात प्रेम किती आणि भीती किती, याचा निवाडा सोपा नाही.

प्रसिद्धीपासून दूर राहणारा ट्राउटन उतारवयात चाहत्यांच्या मेळाव्यांत रमू लागला. २८ मार्च १९८७ रोजी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस येथे अशाच मेळाव्यासाठी गेला असता हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. सदुसष्टावा वाढदिवस तीनच दिवसांपूर्वी झाला होता. अभिनय पुढच्या पिढ्यांतही उतरला. मुलगा डेव्हिड नट झाला. 'हॅरी पॉटर' चित्रपटांतला डडली, म्हणजे हॅरी मेलिंग, हा त्याचा नातू. दुसरा नातू जिम ट्राउटन २००३ मध्ये इंग्लंडकडून एकदिवसीय क्रिकेट खेळला.

बीबीसीने त्या काळी जुन्या फिती पुसून टाकल्या आणि त्यात ट्राउटनच्या भागांचे फार मोठे नुकसान झाले. त्यातले नऊ भाग २०१३ मध्ये नायजेरियात सापडल्याचे जाहीर झाले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी आनंद साजरा केला. ज्या पहिल्या कथेवरून वाद झाला, तिचा मात्र एकही भाग चित्ररूपाने पूर्ण उरलेला नाही. काही प्रेक्षकांनी घरी टेपवर ध्वनी उतरवून ठेवला होता. त्यावरून २०१६ मध्ये, बरोबर पन्नास वर्षांनी, ती कथा रेखाटनांच्या रूपात पुन्हा उभी करण्यात आली. त्या घरांत नवा डॉक्टर पाहून कोणी नाक मुरडले असेल. पण त्याचा आवाज जपून ठेवणारेही त्याच प्रेक्षकांतले होते. ट्राउटननंतर अनेक नट डॉक्टर झाले आणि प्रत्येकाच्या वेळी हाच रुसवा नव्याने उमटला. तो ओसरतो, हे पहिल्यांदा सिद्ध करण्याची जोखीम मात्र एकट्या ट्राउटनच्या वाट्याला आली होती.