सावलीतल्या फुलांच्या बाई

रानात एखादे सुंदर फूल दिसले की ते रोप मुळासकट उचलून आपल्या बागेत लावावे, असा मोह कुणाला होत नाही? पण घरी आणलेले ते रोप बहुधा महिन्याभरात मान टाकते. रानफूल जगवायचे तर आधी त्याचे रान समजून घ्यावे लागते. अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरातील एका शिक्षिकेने आपले उत्तरायुष्य याच कामाला वाहिले. त्यांचे नाव एलॉइज बटलर.

मेन राज्यातील ॲपलटन या लहानशा गावी १८५१ साली त्यांचा जन्म झाला. १८७४ मध्ये त्या मिनिआपोलिसला आल्या आणि तीसहून अधिक वर्षे तिथल्या शाळांत शिकवत राहिल्या. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. पण शहर झपाट्याने पसरत होते. दलदली बुजत होत्या, झाडी हटत होती. असेच चालले तर मुलांना रानफुले पुस्तकातच पाहावी लागतील, ही चिंता बाईंना सतावू लागली.

१९०७ मध्ये सहकारी शिक्षकांना बरोबर घेऊन त्यांनी उद्यान मंडळाकडे जागा मागितली. तीन एकर जमीन मिळाली. पाणथळ, उतार, झाडांची गर्द सावली असे सारे तिथे होते. बाईंनी वाफे आखले नाहीत. ज्या रोपाला जी जागा मानवेल तिथेच ते लावायचे, हा त्यांचा नेम.

काम सोपे नव्हते. ट्रिलियम हे तीन पानांचे आणि तीन पाकळ्यांचे फूल घ्या. पानगळीच्या झाडांखाली, कुजलेल्या पाचोळ्यात ते वाढते. वरच्या फांद्यांना पालवी फुटण्याआधी जे ऊन खाली उतरते, तेवढ्यावर ते फुलून घेते. त्याचे बी मुंग्या वाहून नेतात आणि बियांपासून फुलापर्यंत सात-आठ वर्षे सहज जातात. फुलाबरोबर पाने खुडली, तर पुढच्या वर्षाची शिदोरीच जाते. मिनेसोटाचे राज्यपुष्प असलेली गुलाबी-पांढरी ‘लेडीज स्लिपर’ ही आमरी तर याहून हट्टी. तिचे धुळीसारखे बी मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या साथीशिवाय रुजतच नाही आणि पहिले फूल यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागू शकतो.

१९११ मध्ये शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई पूर्णवेळ या बागेच्या झाल्या. जी रोपे मेली ती पुन्हा लावली, लोकांना बाग हिंडून दाखवली. १९२९ मध्ये बागेला त्यांचेच नाव देण्यात आले. १० एप्रिल १९३३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, बागेकडे निघालेल्या बाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्या गेल्या. त्यांच्या अस्थी बागेतच विखुरल्या गेल्या.

ती बाग आजही आहे, पूर्वीपेक्षा मोठी. बाईंची पहिली रोपे कोणती, हे आता सांगता येणार नाही. पण वसंत आला की अजून पालवी न फुटलेल्या झाडांखाली ट्रिलियम उमलतात आणि शाळेतली मुले ते पाहायला येतात. बाईंना तेवढेच हवे होते.