कॅमेऱ्याचं दुकान चालवत तीन निवडणुका हरलेला हार्वे मिल्क

1973 साल. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो स्ट्रीटवर हार्वे मिल्कनं कॅमेऱ्याचं छोटं दुकान टाकलं. लगेच विक्रीकराच्या अनामतीचे 100 डॉलर मागायला सरकारी माणूस दारात हजर. हार्वेनं कित्येक आठवडे भांडून ते 30 वर आणले आणि त्याच वर्षी बोर्ड ऑफ सुपरवायझर्ससाठी, म्हणजे आपल्या नगरसेवकपदासारख्या जागेसाठी, उभा राहिला. लांब केस, पैशाची बोंब, वर आपण समलिंगी आहोत हे उघड सांगणारा उमेदवार. 32 जणांत दहावा आला.

मग गड्यानं केस कापले, सूट चढवला. दुकानाचं प्रचार कार्यालय झालं, धंदा मात्र बसत गेला. 1975 ला जागा सहा, हा सातवा. 1976 ला राज्याच्या विधानसभेसाठी पक्षाच्या उमेदवारीची लढत, तीही आर्ट ॲग्नोसविरुद्ध 4 हजारांच्या आत मतांनी हरला.

गोची कुठं होती? बोर्डासाठी मतदान अख्ख्या शहराचं व्हायचं. कॅस्ट्रोतली मतं त्यात विरून जायची. 1976 मध्येच मतदारांनी प्रभाग पद्धत मंजूर केली आणि 1977 ला हार्वे निवडून आला.

पद मिळालं जेमतेम 11 महिने. 27 नोव्हेंबर 1978 ला माजी सुपरवायझर डॅन व्हाइटनं सिटी हॉलमध्ये आधी महापौर मॉस्कोनींना आणि मग हार्वेला गोळ्या घातल्या.