आजीने दिलेला वारसा : ऑगस्टा बेकर

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी पौल प्रेषित आपल्या ह्या तरुण सहकाऱ्याच्या विश्वासाची आठवण करतो, तेव्हा पहिले नाव येते ते त्याच्या आजीचे, लोईसचे. आई युनीके तिच्यामागून येते. ह्या लोईसने कोठे उपदेश केला नाही, मंडळी स्थापन केली नाही. तिने घरात एका लहान मुलाला वाढवले, आणि तेवढ्यासाठी तिचे नाव पवित्र शास्त्रात राहिले. लहानपणी कानांवर पडलेले माणसाला आयुष्यभर पुरते, हे ज्यांच्या चरित्रातून स्पष्ट दिसते अशा एका बाईंची ओळख ह्या महिन्यात वाचकांना करून द्यावीशी वाटते. त्या अमेरिकेतील कृष्णवर्णीय ग्रंथपाल ऑगस्टा बेकर होत.

ऑगस्टाबाईंचा जन्म १ एप्रिल १९११ रोजी बाल्टिमोर शहरात झाला. माहेरचे आडनाव ब्रॅक्स्टन. आई आणि वडील दोघेही शिक्षक होते. गोऱ्या मुलांच्या शाळा निराळ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या निराळ्या, असा तेथे तेव्हा कायदाच होता. आईवडील कामावर गेले की मुलगी आजीच्या स्वाधीन असे. आजीचे नावही ऑगस्टाच. ह्या आजीजवळ गोष्टींचा मोठा साठा होता, आणि नातीला ऐकण्याची भूकही तेवढीच मोठी होती. पुढे ज्या कलेमुळे ऑगस्टाबाई देशभर ओळखल्या गेल्या, तिचे पहिले धडे त्यांना आजीजवळ मिळाले. वाचनाची गोडीही घरातच लागली.

सोळाव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून त्या १९२७ साली पिट्सबर्ग विद्यापीठात गेल्या. तेथेच जेम्स बेकर ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि दोघे न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे राहावयास आली. तेथील अध्यापक महाविद्यालयात शिक्षण पुढे चालू ठेवावे, असा त्यांचा विचार होता. गुण उत्तम होते, पण कातडीचा रंग आड आला. कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला घेण्यास महाविद्यालय तयार होईना. त्या वेळी राज्याचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट होते. त्यांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट ह्यांनी ह्या मुलीची बाजू घेतली आणि प्रवेश मिळाला. १९३३ साली शिक्षणशास्त्राची आणि १९३४ साली ग्रंथपालनाची पदवी त्यांनी घेतली. त्या महाविद्यालयातून ग्रंथपालनाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत.

१९३७ साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर ह्यांनी त्यांची नेमणूक हार्लेम वस्तीतील १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत केली. हार्लेम ही कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. ह्या शाखेत मोठ्यांसाठी एक अपूर्व ठेवा होता. आर्तुरो शॉम्बर्ग ह्या संग्राहकाने आफ्रिकन वंशाच्या लोकांचा इतिहास सांगणारी हजारो पुस्तके व हस्तलिखिते आयुष्यभर खपून जमवली होती, आणि १९२६ साली ग्रंथालयाने तो संग्रह विकत घेऊन येथे ठेवला होता. आपल्या लोकांचा इतिहास वाचावा असे ज्याला वाटे, त्या प्रौढ माणसाला येथे विन्मुख जावे लागत नसे.

मुलांच्या फळ्यांवर मात्र निराळेच चित्र होते. ज्या थोड्या पुस्तकांत कृष्णवर्णीय मूल दिसे, त्यांत ते हसण्यासाठी काढलेले असे. डोळे बटाट्यासारखे, ओठ फुगलेले, कपडे फाटके. त्याच्या तोंडी मोडकीतोडकी भाषा घातलेली. आईबाप असले तर कोणाच्या तरी घरी नोकर, आणि स्वभावाने आळशी किंवा भित्रे. हार्लेममधील मूल मोठ्या हौसेने ग्रंथालयात येई, पुस्तक उघडी, आणि त्यात त्याला स्वतःची अशी विटंबना पाहावयास मिळे. शाळेत किंवा रस्त्यात कोणी हिणवले तर घरी येऊन रडता तरी येते. पण पुस्तकातले मुलाला खरे वाटते. छापलेला अपमान त्याच्या मनात मुकाट्याने जाऊन बसतो.

हे पाहून ऑगस्टाबाई नुसत्या हळहळल्या नाहीत. त्यांनी एकेक पुस्तक हाती घेऊन तपासावयास सुरुवात केली. चित्रे कशी आहेत, पात्रांच्या तोंडची भाषा कशी आहे, आणि गोष्टीचा रोख कोणीकडे आहे, ह्या तीन कसोट्या त्यांनी लावल्या. त्यांना उतरणारी पुस्तके फार थोडी निघाली. तीच वेगळी काढून १९३९ साली त्यांनी एक संग्रह उभा केला. आदल्या वर्षीच निवर्तलेले कृष्णवर्णीय कवी जेम्स वेल्डन जॉन्सन ह्यांचे नाव त्या संग्रहाला दिले. पुस्तके नाहीत असे म्हणून त्या थांबल्या नाहीत. प्रकाशक, संपादक, लेखक आणि चित्रकार ह्यांच्याकडे जाऊन कोणती पुस्तके हवीत हे त्यांनी वारंवार सांगितले. १९४६ साली त्यांच्या निवडक पुस्तकांची यादी छापून निघाली, आणि देशभरातील ग्रंथालये व शाळा तिच्या आधाराने खरेदी करू लागल्या. पुढील काळात ती वेळोवेळी सुधारून निघत राहिली.

पण मुलांना त्या यादीचे काय? त्यांच्या मनात ऑगस्टाबाई राहिल्या त्या गोष्टीच्या तासामुळे. न्यूयॉर्कच्या ग्रंथालयांत हा तास ठरलेल्या पद्धतीने होई. मेणबत्ती लावली जाई, गोष्ट सुरू होई, आणि शेवटी मुलांनी मनात एखादी इच्छा धरून ती मेणबत्ती विझवावयाची. ऑगस्टाबाईंचा आवाज भरदार व शांत होता. हातवारे, सोंगे, आवाज बदलण्याच्या क्लृप्त्या ह्यांवर त्यांचा भर नसे. सांगणाऱ्याने स्वतः मागे राहावे आणि गोष्टीला पुढे जाऊ द्यावे, असे त्यांचे मत होते. त्यासाठी तयारी मात्र कसून हवी. गोष्ट आधी मनापासून आवडली पाहिजे, ती पुनःपुन्हा वाचून अंगी मुरली पाहिजे, मगच मुलांपुढे उभे राहावे. हैती बेटावरच्या अंकल बूकी ह्या भोळ्या गृहस्थाच्या लोककथा त्यांच्या तोंडून इतक्या रंगत की १९५० नंतरच्या दशकात त्यांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. ग्रंथालयात आपण सांगितलेल्या कथांचे दोन संग्रह त्यांनी १९५५ व १९६० साली प्रसिद्ध केले. कथाकथनाच्या कलेवर एलिन ग्रीन ह्यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले, आणि ग्रंथपालनाच्या विद्यार्थ्यांना ते वाटाड्यासारखे झाले.

१९५३ साली त्या त्रिनिदाद बेटावर गेल्या आणि तेथील सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागाची घडी बसवून आल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात कथाकथनाच्या तज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९६१ साली शहरभरच्या साऱ्या शाखांतील बालसेवा त्यांच्या देखरेखीखाली आली. त्या ग्रंथालयात इतक्या वरच्या अधिकाराच्या जागी कृष्णवर्णीय व्यक्ती येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. ज्या खुर्चीवरून एके काळी अ‍ॅन कॅरोल मूर ह्यांनी त्यांना कामावर घेतले, तिच्यावर आता त्या स्वतः बसल्या. १९७४ साली, सदतीस वर्षांच्या सेवेनंतर, त्या निवृत्त झाल्या.

निवृत्त झाल्या म्हणजे गोष्टी थांबल्या असे नव्हे. १९८० साली साउथ कॅरोलायना विद्यापीठाने त्यांना कोलंबिया शहरी निवासी कथाकार म्हणून बोलावले. अमेरिकेच्या विद्यापीठांत असे पद पूर्वी नव्हते. वय एकोणसत्तर. तेथे त्यांनी भावी ग्रंथपालांना आणि शिक्षकांना गोष्ट कशी सांगावी हे शिकवले, आणि १९९४ सालापर्यंत ते काम केले. १९८७ सालापासून त्या शहरात त्यांच्या नावाने दरवर्षी गोष्टींचा उत्सव भरू लागला. २३ फेब्रुवारी १९९८ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, कोलंबिया येथेच त्यांचे देहावसान झाले. बाल्टिमोरच्या एका घरात आजीने एका मुलीला जे दिले, ते तिने साठ वर्षे हजारो मुलांना वाटले.

वाचकहो, हे चरित्र दूरदेशीचे आहे, पण त्यातला प्रश्न आपल्या दारातला आहे. बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर येथील आपल्या मंडळ्यांतील मुले शाळेत कानडी, तेलुगू, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी शिकतात. त्यात वाईट काहीच नाही. पण उपासनेत मराठी शास्त्रपाठ चालू असता ती एकमेकांकडे पाहतात, कारण ती भाषा त्यांना पाहुण्यासारखी झाली आहे. पुस्तकांत त्यांना मराठी ख्रिस्ती घर क्वचितच दिसते. आपल्यासारखी माणसे पुस्तकात असतच नाहीत, असे मुलाला एकदा वाटले की आपल्या घरच्या भाषेची आणि घरच्या विश्वासाचीही त्याला लाज वाटू लागते. आपल्या वडीलधाऱ्यांना ह्याची जाण होती. १८७३ साली निघालेला ‘बालबोधमेवा’ त्याच जाणिवेतून आला.

आता हे काम कोणी करावयाचे? छापखाना व पैसा लागतो, हे खरे. पण आरंभ करावयास ह्यांपैकी काहीच लागत नाही. प्रत्येक मंडळीत आज्या आहेत. एक गोष्ट नीट पाठ करावी, ती मराठीत सांगावी, आणि शेवटी तात्पर्याचे शेपूट जोडण्याची घाई करू नये. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ अखेर घरात गेला की नाही, हे आपल्या प्रभूने सांगितलेलेच नाही. ते ऐकणाऱ्यावर सोपवले आहे. मूलही ते मनात घोळवत बसेल.

शब्बाथशाळेच्या वार्षिक अहवालात आपण मुलांची उपस्थिती लिहितो. यंदा तिच्याखाली आणखी एक ओळ असावी: मंडळीतील किती आज्यांनी गोष्ट सांगितली.