आंरी जिफार

नाव कितीही कौशल्याने बांधलेली असो, तिच्या तळाशी थोडेफार पाणी साचतेच. फळ्यांच्या सांध्यांतून ते झिरपते, लाटेबरोबर काठावरून आत येते, पावसाचेही पडते. हे पाणी वेळीच उपसले नाही, तर नाव जड होते, अधिकाधिक खाली बसत जाते आणि अखेर बुडते. म्हणून मनुष्य नाव चालवू लागला, त्या दिवसापासून पाणी उपसण्याचे काम त्याच्या मागे लागले. लहान नावांतून ते हातांनी उपसले जाई. मोठ्या जहाजांवर हातपंप असत. वादळात सापडलेल्या जहाजावर खलाशी पाळीपाळीने रात्रभर पंप मारीत. त्यांचे हात थकले, की जहाजाची आशा संपत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या बोटींवर याच कामासाठी एक साधेसे उपकरण दिसू लागले. त्यात चाक नव्हते, दट्ट्या नव्हता, फिरणारा किंवा हलणारा एकही भाग नव्हता. एकात एक बसवलेल्या निमुळत्या नळ्या, एवढेच त्याचे स्वरूप. बॉयलरकडून येणाऱ्या वाफेची तोटी उघडली, की बोटीच्या तळाचे पाणी वर खेचले जाई आणि जोराने बाहेर फेकले जाई. वाफेच्या नुसत्या झोताकडून एवढे काम करून घेता येते, ही गोष्ट ज्याने जगाला पटवून दिली, तो फ्रेंच यंत्रज्ञ म्हणजे आंरी जिफार. नवल असे, की जिफारची दृष्टी पाण्याकडे मुळीच नव्हती. ती आकाशाकडे लागलेली होती.

आंरी जिफारचा जन्म 8 फेब्रुवारी 1825 रोजी पॅरिस शहरात झाला. तो बारा वर्षांचा असताना, 1837 मध्ये, पॅरिसहून सँ-जेर्मँच्या दिशेने जाणारी आगगाडी सुरू झाली. धूर सोडीत धावणारे ते इंजिन पाहून त्या बालकाला वेड लागले. शाळा चुकवून तो लोहमार्गाच्या कडेला जाऊन उभा राही आणि गाडी दृष्टीआड होईपर्यंत तिच्याकडे टक लावून पाही. शाळा चुकवणे काही योग्य नव्हे. परंतु त्या मुलाचे मन कोठे गुंतले होते, हे त्यावरून कळते. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी तो त्याच रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला लागला. वाफेचे सामर्थ्य तेथे त्याला रोज जवळून पाहता आले.

त्या काळी वायूने भरलेले फुगे आकाशात जात आणि त्यांत माणसेही बसत. परंतु फुगा वाऱ्याचा दास असे. वारा नेईल तिकडे तो जाई. फुग्याला आपल्या इच्छेनुसार दिशा देता येईल काय, हा प्रश्न अनेकांना पडला होता. 1850 मध्ये पिएर ज्युलियाँ नावाच्या एका घड्याळजीने लांबट आकाराचा एक लहान फुगा करून तो कळसूत्री यंत्राने पॅरिसमध्ये उडवून दाखवला. ते पाहून जिफारच्या मनाने घेतले, की मोठा फुगा बांधावा आणि त्याला वाफेचे इंजिन जोडावे.

हा बेत ऐकून कोणाच्याही अंगावर काटा आला असता. फुग्यात भरलेला वायू ठिणगी पडताच पेट घेणारा, आणि इंजिन म्हणजे धगधगती भट्टी! ही दोन्ही एकत्र आणणे म्हणजे गवताच्या गंजीखाली चूल मांडण्यासारखेच होते. परंतु जिफार उतावळा नव्हता. त्याने फुग्याखाली एक लांब दांडा टांगला आणि त्याच्याही पुष्कळ खाली इंजिन ठेवले. धुराडे वर न नेता त्याने ते खाली वळवले, म्हणजे ठिणग्या फुग्याकडे जाऊ नयेत. त्याचे इंजिन सुमारे 3 अश्वशक्तीचे होते. फुगा 44 मीटर लांब असून दोन्ही टोकांना निमुळता होता. पैशाची अडचण होतीच. दोन तरुण मित्रांनी ती निभावून नेली.

24 सप्टेंबर 1852 रोजी सायंकाळी पॅरिसच्या हिप्पोड्रोम मैदानावरून जिफार एकटाच या वायुयानात बसून वर गेला. वारा जोराचा होता. त्याच्याविरुद्ध जाऊन निघाल्या जागी परतणे त्या लहानशा इंजिनाला शक्य नव्हते. तथापि त्याने सुकाणू फिरवून यानाला डावीउजवीकडे वळवून दाखवले. अंधार पडू लागला तेव्हा त्याने भट्टीवर वाळू टाकून विस्तव विझवला, वाफ सोडून दिली आणि सुमारे 27 किलोमीटरांवरील एलांकूर गावी तो सुखरूप उतरला. इंजिनाच्या शक्तीने चालणाऱ्या वायुयानातून माणसाने केलेले हे पहिलेच उड्डाण होय. त्या वेळी जिफार अवघा सत्तावीस वर्षांचा होता.

1855 मध्ये त्याने अधिक लांब फुगा बांधून पुन्हा प्रयत्न केला. या खेपेस गाब्रिएल याँ हा सहकारी बरोबर होता. उतरतेवेळी फुग्याचे तोंड एकाएकी वर झाले, फुगा जाळ्यातून निसटला आणि फाटला. सुदैवाने ते दोघे जमिनीजवळ पोहोचले होते, म्हणून थोडक्या दुखापतीवर निभावले. फुगा मात्र गेला आणि त्यापायी खर्च झालेला पैसाही गेला. पुन्हा उडावयाचे तर आधी पैसा उभा करणे भाग होते. जिफार आकाशातून जमिनीवर आला आणि आपल्या ओळखीच्या वाफेकडे वळला.

त्या काळी प्रत्येक वाफेच्या इंजिनाला एक अडचण भेडसावीत असे. बॉयलरमधील पाण्याची सतत वाफ होत असल्याने त्यात नवे पाणी भरावे लागते. ते न भरले, तर बॉयलर कोरडा पडून फुटण्याचा धोका असतो. आगगाडीच्या इंजिनात पाणी भरणारा पंप चाकांच्या गतीवर चालत असे. त्यामुळे गाडी उभी राहिली, की पंपही बंद पडे. मग पाणी भरण्यासाठी चालकाला इंजिन उगीचच रुळावर पुढेमागे फिरवावे लागे. मुंबई ते ठाणे ही आपल्याकडील आगगाडी 1853 मध्ये सुरू झाली, ती याच पंपांच्या काळात.

जिफारने विचार केला, की पंपच नको. बॉयलरमधील वाफच पाण्याला आत ढकलील. 1858 मध्ये त्याने आपल्या साधनाचे पेटंट घेतले. त्याला इंजेक्टर असे नाव मिळाले. ही कल्पना ऐकून पुष्कळांनी माना हलवल्या. ज्या बॉयलरमधून वाफ बाहेर आली, त्याच बॉयलरमध्ये ती पाणी कसे घुसवील? आतला दाब आणि बाहेर आलेल्या वाफेचा दाब, दोन्ही सारखेच. समान बळाचे दोन मल्ल एकमेकांना भिडले, तर कोणीच हटणार नाही. मग हे कसे घडावे?

यातील मर्म दाबात नसून वेगात आहे. बॉयलरमधील वाफ अरुंद तोटीतून बाहेर पडते, तेव्हा तिचा वेग प्रचंड असतो. भरधाव आगगाडी निघून गेली, की रुळाकडेची वाळलेली पाने तिच्यामागे धावतात, हे अनेकांनी पाहिले असेल. तसाच वाफेचा झोत भोवतालच्या हवेला आपल्याबरोबर ओढून नेतो. तेथील हवा विरळ झाली, की बाहेरच्या हवेचा दाब टाकीतील पाण्याला नळीतून वर चढवतो. हे थंड पाणी वाफेला भेटताच वाफेचे पाणी होते. सुमारे 1,600 भांडी वाफ आटून एका भांड्याएवढे पाणी होते, म्हणून पोकळी अधिकच वाढते आणि आणखी पाणी खेचले जाते. वाफेची गती मात्र नाहीशी होत नाही. ती पाण्याला मिळते. अशा रीतीने पाण्याचा एक बारीक, अतिवेगवान झोत तयार होतो. बॉयलरला भोक पडले असता त्यातून पाणी ज्या वेगाने बाहेर आले असते, त्याहून या झोताचा वेग अधिक असतो. म्हणून पुढच्या रुंदावत जाणाऱ्या नळीत तो मंदावला, की त्याचा वेग दाबाचे रूप घेतो आणि बॉयलरची झडप उघडून पाणी आत शिरते. यात जादू नाही आणि फुकटचे असेही काही नाही. हे सारे बळ कोळशाच्या उष्णतेतूनच आलेले असते.

झोताच्या या गुणाची ओळख काही विद्वानांना पूर्वीच झाली होती. इटलीतील व्हेंतुरी याने 1797 मध्ये त्यावर लिहिले होते, आणि जेम्स थॉमसन या यंत्रज्ञाने 1852 मध्ये पाण्याच्या झोतावर चालणारा पंपही दाखवला होता. परंतु वाफेकडून तिच्याच बॉयलरमध्ये पाणी भरून घेण्याचे काम जिफारने सिद्धीस नेले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने 1859 सालचे यंत्रशास्त्राचे पारितोषिक देऊन त्याचा गौरव केला. थोड्याच वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतील कारखान्यांतही इंजेक्टर तयार होऊ लागले. आपल्या देशातील आगगाड्यांच्या वाफेच्या इंजिनांवरही पुढे हे साधन बसू लागले.

आता बोटीकडे वळू. वाफेचा झोत पाणी आत घालू शकतो, तर तो पाणी बाहेर का काढू शकणार नाही? हे काम तर अधिक सोपे. येथे बॉयलरच्या दाबाशी झुंजायचे नसते. तळाचे पाणी काही हात वर उचलून बोटीच्या कडेने बाहेर टाकले, की झाले. याच तत्त्वावर पाणी उपसणारे साधन बनले, त्याला इजेक्टर म्हणतात. पाण्यात बुडालेली एक नळी, वाफेची एक तोटी आणि बाहेर जाणारी एक नळी एवढ्यावर ते काम करते. झिजणारा किंवा अडकणारा भाग नसल्यामुळे ते सहसा बिघडत नाही. नळीच्या तोंडाशी जाळी बसवली, म्हणजे कचऱ्याचीही भीती कमी होते. संकटाच्या वेळी चार खलाशांनी पंप मारण्याऐवजी एकाने तोटी फिरवावी आणि इतरांनी भोक बुजवण्याच्या कामाला लागावे, हा त्याचा केवढा लाभ!

या साधनाला एक उणेपणही आहे. ते वाफ फार खाते. बॉयलर भरताना वाफेची उष्णता पाण्याबरोबर बॉयलरमध्येच परत येते. बोटीतून पाणी फेकताना मात्र ती पाण्याबरोबर वाहून जाते. परंतु तळाचे पाणी अधूनमधूनच उपसायचे असल्याने एवढा खर्च सोसता येतो. भट्टी विझली आणि वाफ संपली, तर मात्र ते निरुपयोगी ठरते. म्हणून जाणता नाखवा इजेक्टर असतानाही हातपंप टाकून देत नाही.

इंजेक्टरने जिफारला मोठी संपत्ती मिळवून दिली. परंतु तो ऐषआरामात रमला नाही. फुग्यांच्या प्रयोगांसाठी त्याने पैसा सढळ हाताने खर्च केला. 1878 च्या पॅरिस येथील प्रदर्शनाच्या वेळी त्याने दोराला बांधलेला एक प्रचंड फुगा उभारला. त्यात 25,000 घनमीटर वायू मावत असे. एका वेळी सुमारे चाळीस माणसे 500 मीटर उंच जाऊन पॅरिस नगरीचे दर्शन घेत आणि वाफेचे यंत्र दोर गुंडाळून त्यांना खाली आणी. हजारो लोकांनी त्याच्यामुळे प्रथमच आकाशातून पृथ्वी पाहिली. तरी वाऱ्याला न जुमानता हवे तेथे जाणारे वायुयान बांधण्याची त्याची इच्छा अपुरीच राहिली. त्याने आराखडे काढले, पैसा जमवला. आणि तेवढ्यात त्याचे डोळे अधू झाले.

यंत्रे आणि आकाश हेच ज्याचे जीवन, त्याला अंधत्वाचे दुःख किती असह्य झाले असेल! कामच हातचे गेल्यामुळे तो खचला, एकाकी झाला आणि त्याच निराशेत एप्रिल 1882 मध्ये त्याच्या जीवनाचा अंत झाला. मृत्यूपूर्वी त्याने आपली संपत्ती देशाच्या स्वाधीन केली होती. ती विज्ञानाच्या वाढीसाठी आणि लोकहितासाठी खर्च व्हावी, एवढीच त्याची इच्छा होती. पुढे दोनच वर्षांनी, 9 ऑगस्ट 1884 रोजी, 'ला फ्रान्स' नावाचे वायुयान निघाल्या जागी परत येऊन उतरले. जिफारचे स्वप्न खरे झाले, परंतु ते पाहावयास तो उरला नव्हता. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर फ्रान्समधील ज्या 72 विज्ञानसेवकांची नावे कोरली आहेत, त्यांत जिफारचेही नाव आहे.

जिफारने जे मनापासून इच्छिले, ते त्याला पुरतेपणी साधले नाही. आणि जे त्याने वाटेत केले, त्याने जगाचे काम सोपे केले. त्याच्या वायुयानाने फार थोड्या लोकांना नेले. परंतु त्याच्या लहानशा नळीने आगगाडीच्या चालकाची चिंता दूर केली, आणि तिच्याच जातीच्या दुसऱ्या नळीने कितीतरी खलाशांच्या हातांना विसावा दिला. मोठे ध्येय समोर ठेवून मनुष्य प्रामाणिकपणे श्रम करू लागला, म्हणजे ते ध्येय दूर राहिले, तरी त्याचे श्रम वाया जात नाहीत.