खटला नाही, शिक्षा नाही, तरी सनद गेली! पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांची गोष्ट

वकिलाची सनद काढायची तर आधी त्याचा गुन्हा दाखवावा लागतो. पंडित श्यामजी कृष्णवर्मांच्या बाबतीत १९०९ साली लंडनमध्ये हे झालं का, याचं उत्तर मिळायला तब्बल १०६ वर्षं गेली.

श्यामजींचा जन्म ४ ऑक्टोबर १८५७ चा, कच्छमधल्या मांडवी गावचा. घरची गरिबी, पण पोरगं संस्कृतात भलतंच हुशार. मुंबईत शिक्षण झालं, स्वामी दयानंदांचा सहवास लाभला. ऑक्सफर्डच्या मोनियर विल्यम्स या पंडितांना संस्कृत जाणणारा मदतनीस हवा होता, त्या निमित्ताने ते विलायतेला गेले. तिथे पदवी घेतली आणि इनर टेंपल या संस्थेतून बॅरिस्टर झाले. परत आल्यावर रतलामची दिवाणगिरी, अजमेरला वकिली, मग उदयपूर, जुनागड. कापसाच्या गिरण्यांत पैसा गुंतवला, तो चांगला फळला. जुनागडला मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा वाईट अनुभव आला आणि मन उडालं. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्याच वर्षी ते कायमचे इंग्लंडला गेले.

१९०५ हे वर्ष धामधुमीचं. जानेवारीत 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे मासिक निघालं, जुलैत हायगेटला इंडिया हाऊस उघडलं. भारतातून शिकायला येणाऱ्या पोरांसाठी ही राहायची जागा. शिष्यवृत्त्याही जाहीर झाल्या, अट एकच, इंग्रजांची नोकरी करायची नाही. टिळकांच्या शिफारशीवर सावरकर तिथे १९०६ साली पोचले. पारनेरचे सेनापती बापटही याच मंडळीतले. सरकारचा पहारा वाढला तसे श्यामजी १९०७ मध्ये पॅरिसला निघून गेले.

लेखणी काही थांबली नाही. मासिकात आणि लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांनी होमरूलची बाजू कडक शब्दांत मांडली. याच लिखाणावरून इनर टेंपलने ३० एप्रिल १९०९ रोजी त्यांचं नाव यादीतून काढून टाकलं. बॅरिस्टरी संपली.

आता इथे नीट बघायला हवं. कुठल्या अशिलाचे पैसे त्यांनी खाल्ले नव्हते, कोर्टात खोटा कागद दिला नव्हता. कोणत्याही कोर्टाने त्यांना दोषी धरलं नव्हतं. पुरावा काय, तर छापून आलेली मतं. आणि निकाल देणारे कोण, तर त्याच संस्थेतले ज्येष्ठ वकील आणि न्यायाधीश. गांधीजींचं नावही याच संस्थेने १९२२ मध्ये काढलं, पण त्यांना निदान अहमदाबादच्या कोर्टाने शिक्षा दिली होती. मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीला गोळ्या घातल्यामुळे श्यामजींची सनद गेली असंही कोणी कोणी सांगतात. तारखा बघा, ती घटना १ जुलै १९०९ ची, म्हणजे सनद गेल्यानंतर दोन महिन्यांनी. त्याच वर्षी दुसऱ्या एका संस्थेने, ग्रेज इनने, सावरकरांचीही बॅरिस्टरी अडवली.

आपल्याकडे आता १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आहे. वकिलाविरुद्ध तक्रार आली की राज्य बार कौन्सिल ती शिस्तपालन समितीकडे पाठवते. वकिलाला नोटीस द्यावी लागते आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील करता येतं, त्यापुढे सुप्रीम कोर्ट. समितीला वकिलाला ताकीद देता येते, काही काळ वकिली बंद ठेवता येते, नाहीतर नाव कायमचं काढता येतं. तक्रार करणाऱ्या शेतकऱ्यालाही हे ठाऊक असलेलं बरं, कारण रागाच्या भरात लिहिलेला अर्ज समितीपुढे टिकत नाही, कागद लागतात.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी श्यामजी जिनिव्हाला गेले. ३० मार्च १९३० रोजी तिथेच वारले. पुढे पत्नी भानुमतीही गेल्या. स्वतंत्र भारतात अस्थी जाव्यात म्हणून त्या सांभाळून ठेवायची व्यवस्था त्यांनी आधीच पैसे भरून केली होती. अस्थी मायदेशी आल्या त्या २००३ साली, स्वातंत्र्यानंतर ५६ वर्षांनी.

सनदेचा विषय २०१५ मध्ये मिटला. होमरूलचा आग्रह आणि बॅरिस्टरी यांत विरोध नव्हता, शिवाय आजच्या मापाने पाहता त्यांची सुनावणी पूर्णपणे न्याय्य झाली नव्हती, असं इनर टेंपलने मान्य केलं आणि नाव परत यादीत घेतलं. त्याचं प्रमाणपत्र नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडन दौऱ्यावर गेलेल्या पंतप्रधानांच्या हाती देण्यात आलं. श्यामजींना जाऊन तेव्हा ८५ वर्षं झाली होती.