मुलांच्या पुस्तकांसाठी

(बंगाली लेखक व चित्रकार उपेंद्रकिशोर राय चौधरी यांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, चित्रे काढली आणि ती चित्रे चांगली छापली जावीत म्हणून छपाईचे शास्त्रही शिकून घेतले. त्यांच्या जीवनाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, वर्तमानपत्रातील एखादे छायाचित्र भिंगातून पाहा. तुम्हांला असंख्य लहानमोठे ठिपके दिसतील. मोठे ठिपके दाट असतात तेथे चित्र गडद दिसते. ठिपके बारीक असतात तेथे ते फिके दिसते. या पद्धतीला हाफटोन म्हणतात. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या देशात ही छपाई जाणणारे लोक फारच थोडे होते. एका लेखकाने मात्र ती घरबसल्या शिकून घेतली. त्यांचे नाव उपेंद्रकिशोर राय चौधरी.

उपेंद्रकिशोरांचा जन्म १८६३ साली मैमनसिंग जिल्ह्यातील मसुआ या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचे वडील कालीनाथ राय हे संस्कृत, अरबी आणि फारसी या तिन्ही भाषांचे जाणकार होते. मुलाचे मूळ नाव कामदारंजन होते. तो सुमारे पाच वर्षांचा असताना नात्यातील एक जमीनदार हरिकिशोर राय चौधरी यांनी त्याला दत्तक घेतले आणि त्याचे नाव उपेंद्रकिशोर ठेवले.

उपेंद्रकिशोर अभ्यासात हुशार होते. चित्रकला आणि संगीत यांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. शिष्यवृत्ती मिळवून ते कलकत्त्याला शिकायला गेले व १८८४ साली बी. ए. झाले. तेथे ते ब्राह्मो समाजाच्या सुधारणावादी विचारांकडे वळले. स्त्रीशिक्षणासाठी झटणारे द्वारकानाथ गांगुली यांची कन्या विधुमुखी हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन मुली व तीन मुलगे झाले. घरात सतत गोष्टी, गाणी आणि व्हायोलिनचे सूर ऐकू येत.

त्या काळी बंगालीत मुलांसाठी लिहिणारे लेखक मोजकेच होते. उपेंद्रकिशोर मुलांच्या मासिकांत लिहू लागले. त्यांनी रामायण मुलांना समजेल अशा सोप्या भाषेत लिहिले आणि त्यासाठी स्वतः चित्रे काढली. परंतु पुस्तक छापून आले तेव्हा त्यांची फार निराशा झाली. त्या वेळी चित्रे लाकडी ठशांवरून छापत असत. ठसे कोरताना मूळ चित्रातील बारकावे नाहीसे झाले होते.

दुसरा कोणी असता तर त्याने छापखान्याला दोष दिला असता आणि तो गप्प बसला असता. उपेंद्रकिशोरांनी तसे केले नाही. चित्रे का बिघडली याचा त्यांनी शोध घेतला. १८९५ साली त्यांनी स्वतःच्या खर्चाने इंग्लंडहून छपाईची साधने व पुस्तके मागवली. शिकवायला कोणी गुरू नव्हता. पुस्तके वाचून आणि पुन्हा पुन्हा प्रयोग करून ते हाफटोनचे तंत्र शिकले.

हाफटोनसाठी चित्राचा फोटो बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून घेतात. ही जाळी योग्य अंतरावर असली तरच ठिपके नीट उमटतात. पुष्कळ कारागीर हे अंतर अंदाजाने ठरवत. उपेंद्रकिशोरांनी त्यामागचे गणित मांडले. लंडनहून निघणाऱ्या पेनरोज या छपाईविषयक वार्षिकात त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. ज्या देशातून साधने मागवली, त्याच देशातील तज्ज्ञ आता त्यांचे लेख वाचू लागले.

मात्र गोष्टींकडे त्यांनी दुर्लक्ष केले नाही. पूर्व बंगालमधील खेड्यांत संध्याकाळी मुले न जेवता झोपी जाऊ नयेत म्हणून घरातील बायका त्यांना गोष्टी सांगत. अशा गोष्टी जमवून त्यांनी १९१० साली टुनटुनीचे पुस्तक प्रसिद्ध केले. टुनटुनी म्हणजे शिंपी पक्षी. हा इवलासा पक्षी राजालाही फजीत करतो. प्राचीन काळातील प्राण्यांविषयीही त्यांनी मुलांसाठी पुस्तक लिहिले.

१९१३ साली त्यांनी संदेश हे मुलांचे मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश ही एक मिठाईसुद्धा आहे. मासिकही तसेच होते. त्यात ज्ञान होते आणि गोडीही होती. गाणाऱ्या गुपीची आणि ढोल वाजवणाऱ्या बाघाची गमतीदार गोष्ट याच मासिकात आली. पुढे १९६९ साली त्या गोष्टीवर चित्रपट निघाला.

मधुमेहाने आजारी पडून २० डिसेंबर १९१५ रोजी उपेंद्रकिशोरांचे निधन झाले. तेव्हा ते केवळ ५२ वर्षांचे होते. परंतु त्यांचे काम थांबले नाही. इंग्लंडमध्ये छपाईचे शिक्षण घेऊन आलेले त्यांचे पुत्र सुकुमार यांनी संदेश चालवला. सुकुमारांच्या विनोदी कविता बंगालमधील मुलांच्या ओठांवर आहेत. दुर्दैवाने तेही १९२३ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी वारले. त्या वेळी त्यांचा मुलगा सत्यजित अवघ्या दोन वर्षांचा होता. त्याने आजोबांना पाहिलेही नव्हते. पण मोठेपणी तोही लेखक, चित्रकार आणि जगप्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक झाला. गुपी आणि बाघा यांचा चित्रपट त्यानेच काढला. बंद पडलेला संदेशही १९६१ साली त्याने पुन्हा सुरू केला.

मुलांसाठी आहे म्हणून कसेही चालेल, असे उपेंद्रकिशोरांनी कधी मानले नाही. मुलांना द्यायचे ते उत्तमच असले पाहिजे, या एका ध्यासाने त्यांनी आयुष्यभर काम केले.

शब्दार्थ : जाणकार – माहिती असलेला, ओढ – आवड, ठसा – छाप, बारकावे – लहान लहान तपशील, ध्यास – सतत मनात असलेला विचार.

स्वाध्याय
१. पुस्तक छापून आल्यावर उपेंद्रकिशोरांची निराशा का झाली?
२. हाफटोनमध्ये चित्र गडद किंवा फिके कसे दिसते?
३. तुमच्या आवडत्या पुस्तकातील एका चित्राचे पाच वाक्यांत वर्णन करा.