गिल हॉजेससाठी एक प्रार्थना

१९५३ सालची गोष्ट. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ब्रुकलिन नावाचा भाग आहे. तिथल्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये रविवारची मिस्सा चालू होती. त्या दिवशी फार उकडत होते. प्रवचनाच्या वेळी फादर हर्बर्ट रेडमंड यांनी उकाड्यामुळे प्रवचन न देण्याचे ठरवले. त्यांनी भाविकांना देवाच्या आज्ञा पाळण्याची आठवण करून दिली आणि गिल हॉजेस यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगून घरी पाठवले.

हे गिल हॉजेस कोण? ते आजारी नव्हते की कोणत्या संकटात सापडले नव्हते. ते बेसबॉलचे खेळाडू होते आणि त्यांची बॅट चालत नव्हती, एवढेच! पण त्या रविवारची आठवण अमेरिकेत आजही काढली जाते. त्यामागे एका सज्जन कॅथलिक माणसाचे आयुष्य आहे.

गिल यांचा जन्म ४ एप्रिल १९२४ रोजी इंडियाना राज्यातील प्रिन्स्टन गावी झाला आणि बालपण जवळच्याच पीटर्सबर्ग गावात गेले. वडील कोळशाच्या खाणीत काम करीत. खाणीतले जिणे त्यांनी भोगले होते, म्हणून आपल्या दोन्ही मुलांनी खाणीत उतरू नये अशी त्यांची इच्छा होती. मुलांना त्यांनी खेळाची गोडी लावली. पुढे गिल सेंट जोसेफ्स या कॅथलिक कॉलेजात गेले. १९४३ साली ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक संघाने त्यांना घेतले. पण एकच सामना खेळून ते नौदलाच्या मरीन दलात भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील टिनियन आणि ओकिनावा बेटांवर त्यांनी सेवा केली. त्याबद्दल त्यांना ब्राँझ स्टार हे पदक मिळाले. पण युद्धाच्या गोष्टी सांगून मोठेपणा मिरवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

आपल्याकडे बेसबॉल फारसा कोणी पाहत नाही, म्हणून थोडे समजावून सांगितले पाहिजे. या खेळात मैदानावर एक चौकोन असतो. त्याच्या एका कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो आणि बाकीच्या तीन कोपऱ्यांवर एकेक बेस म्हणजे ठाणे असते. चेंडू मारला की फलंदाज पहिल्या ठाण्याकडे धावतो. जमिनीवरून आलेला चेंडू क्षेत्ररक्षक उचलतो आणि पहिल्या ठाण्यावरच्या आपल्या गड्याकडे फेकतो. धावणारा पोचण्याआधी त्या गड्याने चेंडू झेलला की फलंदाज बाद. चौकोनाच्या आसपास उभे राहणाऱ्या या खेळाडूंना इनफिल्डर म्हणतात. १९४८ पासून हॉजेस पहिल्या ठाण्यावर उभे राहू लागले. दुसऱ्याने वेडावाकडा फेकलेला चेंडूही सांभाळून घ्यायचा, हे तिथले काम. त्यांचे हात मोठे होते आणि झेल पक्के. शेजारच्या दुसऱ्या ठाण्यावर अनेकदा जॅकी रॉबिन्सन असत. गोऱ्या खेळाडूंसाठी राखून ठेवलेल्या या व्यावसायिक लीगचे दार १९४७ साली कृष्णवर्णीयांसाठी उघडणारे खेळाडू ते हेच.

डिसेंबर १९४८ मध्ये गिल यांनी ब्रुकलिनच्याच जोन लोंबार्डी यांच्याशी लग्न केले. पुढे त्यांना एक मुलगा आणि तीन मुली झाल्या. गिल ब्रुकलिनमध्येच राहिले. शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखे साधे घर, रविवारी चर्च, रस्त्यात भेटणाऱ्या मुलांशी दोन शब्द. लोकांना ते आपल्या घरातलेच वाटत. खेळही जोरात चालला होता. ३१ ऑगस्ट १९५० रोजी एकाच सामन्यात त्यांनी चार होमरन मारले.

आणि मग १९५२ ची वर्ल्ड सिरीज आली. समोर न्यूयॉर्क यांकीज. सात सामन्यांच्या त्या मालिकेत हॉजेस यांनी २१ वेळा फटका मारण्याचा प्रयत्न केला आणि एकदाही यश आले नाही. डॉजर्स चार विरुद्ध तीन असे हरले. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते आपण जाणतो. काल खांद्यावर घेतलेल्या खेळाडूला आज शिव्या मिळतात. ब्रुकलिनचे प्रेक्षकही काही कमी तोंडाळ नव्हते. पण हॉजेस यांना त्यांनी हिणवले नाही. ते बाद होऊन परत येत, तरी लोक टाळ्या वाजवीत.

१९५३ चा हंगाम सुरू झाला तरी साडेसाती संपेना. मे महिन्यात त्यांना काही सामने बाहेर बसावे लागले. घरी पत्रांचा ढीग येऊ लागला. कोणी सल्ला लिहिला, कोणी जपमाळ पाठवली, कोणी संतांची पदके पाठवली. याच दिवसांत फादर रेडमंड यांनी वेदीवरून त्यांचे नाव घेतले.

पुढे काय झाले? संघाचे व्यवस्थापक चार्ली ड्रेसन यांनी हॉजेस यांच्या फलंदाजीचे चित्रीकरण करवून घेतले. चेंडू येताना त्यांचा पाय बाजूला सरकतो, हे त्यांना दाखवून दिले. हॉजेस यांनी मान खाली घालून ती चूक सुधारली. हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नावावर ३१ होमरन होते. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्येही त्यांची बॅट चांगली चालली. प्रार्थनेने हे झाले की सरावाने, असा वाद घालण्याचे कारण नाही. देव आपले ऐकतो आणि आपल्याला कामालाही लावतो. शिवाय डॉजर्स ती मालिका पुन्हा हरलेच! प्रार्थना म्हणजे जिंकण्याचे यंत्र नव्हे, हेही ब्रुकलिनच्या भाविकांना तेव्हा कळले असेल.

आनंदाचा दिवस उजाडला तो ४ ऑक्टोबर १९५५ रोजी. याआधी सात वेळा वर्ल्ड सिरीज हरलेले डॉजर्स यांकीजविरुद्ध निर्णायक सामना २-० असा जिंकले. त्या दोन्ही धावा हॉजेस यांच्या फटक्यांवर आल्या आणि शेवटचा फलंदाज बाद झाला तो चेंडूही त्यांच्याच हातात विसावला. ब्रुकलिनला मिळालेले हे एकमेव अजिंक्यपद. १९५८ साली संघ लॉस एंजेलिसला गेला. हॉजेस संघाबरोबर गेले, पण १९६२ साली नव्याने निघालेल्या न्यूयॉर्क मेट्स संघातून परत आले. एकूण ३७० होमरन मारून १९६३ साली त्यांनी खेळणे थांबवले आणि ते वॉशिंग्टन संघाचे व्यवस्थापक झाले.

त्या काळातील एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते. काही खेळाडू रात्री ठरलेल्या वेळेनंतर बाहेर राहिले होते. हॉजेस यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. चूक कोणी केली ते मला ठाऊक आहे, त्यांनी दंडाचे शंभर डॉलर माझ्या टेबलावरच्या डब्यात गुपचूप टाकावेत, म्हणजे विषय संपला, असे त्यांनी सर्वांना सांगितले. त्यांना चारच दोषी ठाऊक होते. संध्याकाळी डब्यात सातशे डॉलर निघाले! चारचौघांत अपमान न करता माणसाचा विवेक जागा करणे त्यांना साधले होते. स्वतः अपयशात असताना लोकांनी त्यांना सांभाळले होते; ते त्यांनी लक्षात ठेवले असावे.

१९६८ साली ते मेट्सचे व्यवस्थापक झाले. पहिल्याच हंगामात १२० सामने हरलेला हा संघ म्हणजे थट्टेचा विषय होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हॉजेस यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यातून ते उठले आणि १९६९ साली याच मेट्सने १०० सामने जिंकून वर्ल्ड सिरीजही जिंकली.

२ एप्रिल १९७२ हा पुनरुत्थानाचा रविवार होता. त्या दिवशी फ्लोरिडात सहकाऱ्यांबरोबर गोल्फ खेळून परतताना हृदयविकाराने हॉजेस यांचे निधन झाले. अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला दोनच दिवस उरले होते. ब्रुकलिनच्या अवर लेडी हेल्प ऑफ ख्रिश्चन्स चर्चमध्ये, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच धर्मग्रामात, त्यांच्यासाठी अंत्यविधीची मिस्सा झाली आणि होली क्रॉस दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागणे हा तिथला सर्वोच्च मान. त्यासाठी ७५ टक्के मते लागतात. वर्षामागून वर्षे हॉजेस यांचे नाव पुढे येई आणि मागे पडे. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये त्यांची निवड झाली आणि २०२२ च्या जुलैमध्ये सन्मान सोहळा झाला. पन्नास वर्षे वैधव्यात काढलेल्या जोनबाईंना तो दिवस पाहता आला. सोहळ्यात मुलगी आयरीन वडिलांविषयी बोलली. सप्टेंबरमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, जोनबाईही प्रभूकडे गेल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, होमरनचे आकडे आपण विसरून जाऊ. पण त्या उकाड्याच्या रविवारची गोष्ट विसरू नये. आपल्या धर्मग्रामातही कोणाची बॅट सध्या चालत नसेल. दहावीत नापास झालेला मुलगा आहे, कामावरून कमी केलेला बाप आहे, दारू सोडतो आणि पुन्हा धरतो असा एखादा भाऊ आहे. त्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या फाटकाशी आपण त्यांच्याविषयी बोलतोही. मात्र वेदीसमोर गुडघे टेकल्यावर ती नावे आपल्याला आठवत नाहीत. आज विश्वासूंच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्यापैकी एकाचे नाव मनातल्या मनात घेऊ या. आणि तो माणूस बाहेर भेटला, तर त्याला टाळून न जाता थांबून त्याची विचारपूस करू या.